मेजावरचं आधी चाखायचं नाही

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या चर्चच्या मंडळीत प्रभुभोजनाचा विधी असे, आणि त्याचा द्राक्षारस आमच्या घरी तयार होई. त्याची सुरुवात शुक्रवारी संध्याकाळी व्हायची. आई इस्पितळातली पाळी संपवून येताना लक्ष्मीपुरीच्या बाजारातून काळ्या मनुका आणायची. त्यांची देठं खुडायची, तीन पाण्यांतून त्या धुवायच्या आणि कल्हईच्या पातेल्यात रात्रभर भिजत ठेवायच्या. शनिवारी दुपारी त्या मंद आचेवर शिजत. घरभर काकवीसारखा, पण थोडा आंबूस वास पसरे. शिजलेल्या मनुका लाकडी डावाने चेचून मलमलच्या फडक्यातून पिळायच्या, रसात साखर घालून पुन्हा एक उकळी आणायची, आणि निवल्यावर झाकणावर पांढरं फडकं बांधून पातेलं देवघर नसलेल्या आमच्या घरात जिथे बायबल असे त्या फळीवर ठेवायचं. शेजारच्या गोठ्यात म्हशींची धार निघायची वेळ आणि रस गाळायची वेळ एकच असे. बादलीत पडणाऱ्या दुधाचा आवाज आणि फडक्यातून गळणाऱ्या रसाचा आवाज मी वयाच्या दहाव्या वर्षापासून एकत्र ऐकत आले.

या कामाचे आईचे नियम होते. आंघोळ केलेली असावी, डोक्यावर ओढणी असावी, हात चालू असताना कुणाची निंदा करू नये. आणि सगळ्यांत कडक नियम हा, की प्रभूच्या मेजावरचं आधी कुणी चाखायचं नाही. साखर अंदाजाने पडायची. पाळकसाहेबांनी एकदा तिला सांगितलं होतं की असं काही शास्त्रात लिहिलेलं नाही. आई बरं म्हणाली आणि नियम तसाच ठेवला. शेजारच्या पाटीलकाकूही गणपतीच्या नैवेद्याचं काही चाखत नसत, हे मला फार उशिरा जाणवलं. दोन पिढ्यांपूर्वी आमच्या घराण्याने धर्म बदलला, पण चुलीजवळची शिस्त बदलली नसावी.

आईच्या हाताखाली हे काम माझं होतं. मंडळीत मी कुणी विशेष नव्हते. गळा बेताचा होता, नाताळच्या नाटकात मला मेंढपाळाच्या पुढचं काम कधी मिळालं नाही. पण पहिल्या रविवारी बोटभर उंचीचे काचेचे प्याले ट्रेमधून बाकांवरून पुढे सरकू लागले की त्या प्रत्येकात माझ्या हाताने पिळलेलं काहीतरी आहे, एवढं मला पुरत असे. मी अकरावीत असताना एस्तेर आमच्याकडे राहायला आली, आणि ते पुरेनासं झालं.

एस्तेर माझ्या मामाची मुलगी, माझ्याहून तीन महिन्यांनी लहान. मामा राधानगरीच्या बाजूला भाताची शेती करायचा. तिकडे कॉलेज नव्हतं, म्हणून त्याने तिला एक पत्र्याची ट्रंक आणि पोतंभर तांदूळ घेऊन आमच्या दारात आणून सोडलं. ती आईला आत्ती म्हणायची. आमच्याकडच्या बायका बोलतात तशी स्वतःबद्दल आलो, गेलो असं बोलायची, आणि आईने मला शहरी बोलायला लावून जे माझ्या तोंडून घालवलं होतं ते तिच्या तोंडून ऐकताना आई खूश व्हायची. पहिल्या आठवड्यातच तिने आमचा मोडका स्टोव्ह दुरुस्त केला. रविवारचा तांबडा रस्सा तिने केला तेव्हा पप्पांनी तीन वाट्या घेतल्या. मी ते मोजलं होतं. पप्पा माझ्या हातचा रस्सा एक वाटी घेत.

त्या वर्षी उन्हाळ्यात चर्चच्या आवारात मांडव घालून तीन संध्याकाळ संजीवन सभा झाल्या. सोलापूरकडून आलेले वक्ते होते. शेवटच्या दिवशी त्यांनी पश्चात्ताप करणाऱ्यांना पुढे बोलावलं. नेहमीचे चारपाच लोक गेले. मीही दरवर्षी जात असे. माझी पापं ठरलेली होती: आईला उलटून बोलले, प्रार्थनेत झोपले, अभ्यास केला नाही. मी जागेवर येऊन बसले तेव्हा एस्तेर उठली. ती पुढे जाऊन गुडघे टेकून रडली नाही. उभी राहिली आणि गावाकडच्या मोठ्या आवाजात तिने सांगितलं की दहावीच्या परीक्षेत तिने चिठ्ठी नेली होती. तपासायला लोक आले तेव्हा ती तिने शेजारच्या बाकाखाली सरकवली. सुमन नावाची मुलगी तिथे बसली होती. सुमनला उठवलं, तिचं वर्ष गेलं, घरच्यांनी पुन्हा बसू दिलं नाही आणि लग्न लावून दिलं. "चिठ्ठी माझी होती," एवढं बोलून ती थांबली. 

मला त्या क्षणी काय वाटलं ते नीट लिहायला हवं. तीस वर्षं मी वर्तमानपत्रात दुसऱ्यांच्या बातम्या तपासल्या. स्वतःच्या बाबतीत सूट घेणं बरं नाही. मला तिची कीव आली नाही, सुमनचीही आली नाही. मला तिच्या पापाचा हेवा वाटला. एवढं मोठं, एवढं खरं, लोकांना श्वास रोखायला लावणारं काही माझ्याकडे नव्हतं.

दोन दिवसांनी एस्तेर सकाळच्या एसटीने सुमनच्या सासरी गेली. कुणी तिला सांगितलं नव्हतं. संध्याकाळी परतली तेव्हा चपला हातात होत्या, पाय वळवाच्या चिखलाने भरले होते. आईने विचारलं, काय म्हणाली? एस्तेरने सांगितलं की सुमन शेण काढत होती. सगळं ऐकून घेतलं, हात धुतले आणि म्हणाली, "आता काय करू मी त्येचं? बस, च्या घे." तिने चहा दिला आणि नंतर एक शब्दही बोलली नाही. एस्तेर चहा पिऊन आली. आईने तिच्या पायांवर गरम पाणी ओतलं. पुढच्या शनिवारी मनुका शिजत आल्यावर आईने मला हाक मारायच्या ऐवजी तिला हाक मारली. मला प्याले पुसायला बसवलं.

आईच्या मनात काही वावगं नव्हतं हे आज कळतं. पोर गावाहून आली आहे, मनाने पोळलेली आहे, तिला पवित्र कामाला लावावं, एवढाच तिचा हिशेब असणार. पण तेव्हा मी प्याले पुसत स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून फडकं पिळणारे ते दोन हात बघत होते. गावात काम केलेले, रुंद पंजाचे हात. माझ्यापेक्षा चांगले पिळत होते. चोथा अगदी कोरडा निघत होता. असं सलग चार महिने चाललं. मंडळीतल्या बायका आता तिला प्रार्थना करायला घरी बोलवत. सायमनतात्या, मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचांतले सगळ्यांत जुने, चर्चच्या पायरीवर मला थांबवून म्हणाले की बघ जरा तिच्याकडं, शिक काहीतरी. मी होय म्हणाले. घरी येऊन इस्त्री करताना ओढणी जाळली.

पाचव्या महिन्यात आईला शनिवारी इस्पितळात जादा पाळी लागली. रस एस्तेरने एकटीने केला. साखर घालून तिने पातेलं खाली उतरवलं आणि ती दोरीवरचे कपडे काढायला गच्चीवर गेली. आमच्याकडे साखर आणि मीठ दोन सारख्या पत्र्याच्या डब्यांत असत, कडप्प्यावर शेजारी शेजारी. मी मिठाच्या डब्यातून मूठभर मीठ घेतलं, पातेल्यात टाकलं आणि डावाने चार वेळा ढवळलं.  चाखायचं नाही हा नियम मला पाठ होता आणि तिलाही. ती खाली आली, पातेल्याला फडकं बांधलं, दोन्ही हातांनी उचलून फळीवर ठेवलं आणि डोळे मिटून उभी राहिली. मी शेजारच्या खोलीत इतिहासाचं पुस्तक उघडून बसले.

आमच्या मंडळीत सगळ्यांच्या हातात प्याला आल्यावर पाळकसाहेब वाक्य म्हणतात आणि सगळे एकदम पितात. त्या रविवारी दीडशे माणसांनी एकाच वेळी ओठ आवळले. एका लहान मुलाला ठसका लागला. पाळकसाहेबांनी घोट गिळलेला मला तिसऱ्या बाकावरून दिसला, आणि त्यांनी पुढची प्रार्थना सुरू केली. सायमनतात्यांनी शेजाऱ्याला सांगितलेलं मागे दोन बाकांपर्यंत ऐकू आलं: "आक्टोबरचं ऊन हाय, मीठ बरं असतंय की." कुणीतरी हसलं. मीही हसले, कारण न हसणं दिसलं असतं. माझ्या जिभेवर ते मीठ संध्याकाळपर्यंत होतं.

आशीर्वाद होण्याआधीच एस्तेर उठली. चूक माझ्याकडून झाली, डबे सारखे आहेत, माझं चित्त नव्हतं, असं तिने सगळ्यांसमोर सांगितलं. तिला खरंच तसं वाटत होतं. तिने मनातल्या मनात तो शनिवार पुन्हा पुन्हा तपासला होता आणि स्वतःचा हात मिठाच्या डब्यात गेलेला तिला दिसला होता. पाळकसाहेब म्हणाले, चूक आहे, पाप नव्हे. ती म्हणाली, "प्रभूच्या मेजापुढं चित्त नसणं पापच की, पाळकसाहेब. मला थोडं दिवस बाजूला बसू द्या." बाहेर आल्यावर बायकांनी तिला जवळ घेतलं. सायमनतात्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी चपला शोधत होते. माझं पहिलंवहिलं मोठं पाप, आणि त्याचा पश्चात्तापसुद्धा तिने माझ्या आधी करून टाकला होता.

मनुकांचं काम मला परत मिळालं. आईने डाव माझ्या हातात दिला. एस्तेर प्याले पुसायला बसली आणि एवढं स्वच्छ पुसू लागली की त्यांच्यातून खिडकीचे गज दिसत. पहिल्या रविवारी ट्रे आमच्या बाकावर आला की ती तो घेई आणि स्वतः काही न उचलता पुढे देई. शेजारी बसणाऱ्या शांताआजींचे हात कापत, म्हणून त्यांचा प्याला आधी त्यांच्या हातात देऊन त्यांनी तोंडाला लावेपर्यंत खालून आधार धरी. हे असं पाच वेळा झालं. पाचही वेळा मी माझा प्याला प्याले आणि पाचही वेळा मला वाटलं की लोक बघत आहेत ते न पिणाऱ्या मुलीकडे.

मग दुसरी गोष्ट घडली. आमची मंडळी दर दोन वर्षांनी एका मुलीला बायबलच्या वर्षभराच्या शिक्षणासाठी बाहेरगावी पाठवत असे. परतल्यावर ती स्त्रियांच्या आणि मुलांच्या सभा चालवी. एस्तेर गावाहून आली त्या दिवसापासून तिला ते हवं होतं. ट्रंकेच्या झाकणाला आतून तिने त्या शाळेचं जुनं पत्रक चिकटवलं होतं. पंचांनी तिचंच नाव काढलं. ती म्हणाली की मी अजून मेजाला बसायच्या लायकीची नाही, दुसऱ्यांना काय शिकवू. त्यांनी दोनदा समजावलं. तिसऱ्या वेळी पाळकसाहेब आमच्या घरी आले, चहा घेतला आणि पप्पांना म्हणाले की मग तुमच्या करुणाला पाठवू. पप्पांनी माझ्याकडे जसं बघितलं, तसं त्यांनी पूर्वी कधी बघितलं नव्हतं. त्याच संध्याकाळी एस्तेरने पत्रक पाण्याने भिजवून अलगद सोडवलं, ट्रंक रिकामी केली आणि माझ्या खाटेखाली सरकवली. "माझी ने," ती म्हणाली. "तुज्या ब्यागंची चेन तुटल्याली हाय."

जाणाऱ्या मुलीने आधी मंडळीपुढे साक्ष द्यायची असते. माझी साक्ष प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशीच्या तयारीच्या सभेत ठरली. या सभेत पाळक विचारतात की कुणाच्या मनात कुणाबद्दल काही आहे का, आणि ज्यांचं असेल ते बाक ओलांडून जातात, हात धरतात आणि मगच दुसऱ्या दिवशी मेजाजवळ येतात. मी साक्ष आठ दिवस लिहीत होते. वहीची चार पानं. सुरुवात चांगली होती, मध्ये एक वचन होतं, शेवटी आईवडिलांचे आभार होते. कामावर असताना असा मजकूर माझ्या टेबलावर आला असता तर मी परत पाठवला असता: सगळं आहे, बातमी नाही.

मी उभी राहिले. दुसऱ्या बाकावर एस्तेर होती, शांताआजींच्या बाजूला, आणि माझ्याकडे अपेक्षेने बघत होती. तिच्या चेहऱ्यावर हेव्याचा मागमूस नव्हता. मी तिथे तो शोधला, हे मला स्पष्ट आठवतं. तिने मला थोडा जरी हेवा दिला असता तर मी ती चार पानं वाचून दाखवली असती आणि दुसऱ्या आठवड्यात तिची ट्रंक घेऊन गाडीत बसले असते.

"मीठ मी घातलं," मी म्हणाले. "एस्तेरनं नाही. तिनं साखरच घातली होती."

या वाक्याचा मी पुढे पुष्कळ विचार केला. तो पश्चात्ताप होता असं लोक म्हणाले, आणि मी नाही म्हटलं नाही. पण त्यात दुसरंही काही मिसळलेलं होतं. माझ्या पापावर तिला पाच महिने मिळालेला मान मला सहन होत नव्हता. ते माझं होतं आणि मला ते परत हवं होतं. पश्चात्ताप शुद्ध असेल तरच देव स्वीकारतो असं असतं, तर माझा बहुधा अजून दारातच उभा असता.

आईने पदर तोंडाला लावला. पप्पा खाली बघत राहिले. पाळकसाहेबांनी मला एस्तेरकडे जायला सांगितलं. मी बाक ओलांडून गेले आणि हात पुढे केला. तिने तो घेतला नाही. तिचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता इतका लाल झाला होता.

"पाच महिने," ती म्हणाली. आवाज खाली होता, पण आमचं चर्च दगडी आहे, सगळ्यांना ऐकू गेलं. "पाच महिने मी माझाच हात बघत बसलोय. ह्या हातानं काय क्येलं म्हणून."

पाळकसाहेब हळूच म्हणाले, "एस्तेर, क्षमा करशील?"

"करायला पायजे ते मला म्हाईत हाय, पाळकसाहेब. पर आत्ता जमायचं न्हाय. खोटं हात धरत न्हाय मी."

ती उठून बाहेर गेली. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघीही मेजाजवळ गेलो नाही. एकाच बाकावर, मध्ये शांताआजींना घेऊन बसलो. ट्रे आला तेव्हा आम्ही दोघींनी मिळून आजींना प्याला दिला, आमची बोटं एकमेकींना लागणार नाहीत अशा बेताने. दोन दिवसांनी ती गावाला निघून गेली. ट्रंक माझ्या खाटेखालीच राहिली. त्या वर्षी शिक्षणाला तिसरीच एक मुलगी गेली.

तिचं न जमणंसुद्धा माझ्या कबुलीपेक्षा खरं होतं, हे मला त्याच आठवड्यात कळलं आणि त्याचाही हेवा वाटला.  आईने कडप्प्यावरचा मिठाचा डबा काढून टाकला आणि मीठ चिनी मातीच्या बरणीत भरलं. मनुका ती पुन्हा एकटीच करू लागली, डोक्यावर पदर घेऊन, स्वयंपाकघराचं दार लोटून.

तीन महिने असे गेल्यावर एका शनिवारी दुपारी, रस गाळायच्या वेळेला, एस्तेर दारात आली. खांद्यावर तांदळाची पिशवी होती. ती आत आली, हातपाय धुतले, ओढणी डोक्यावर घेतली आणि फडक्याचं एक टोक धरलं. दुसरं टोक आईच्या हातात होतं. आईने ते माझ्याकडे दिलं. आम्ही दोघींनी पीळ घातला. साखर पडली, उकळी आली. मग एस्तेरने फळीवरचा चमचा घेतला, रसात बुडवला, फुंकर घातली आणि चाखला. आई बघत होती.

"आत्ती, चाखल्याबिगर मी हितनं फुडं न्हेणार न्हाय," एस्तेर म्हणाली.

आई तिच्या आयुष्यात कुठल्याही नियमावरून मागे हटलेली मी पाहिली नव्हती. त्या दिवशी तिने तो चमचा फक्त धुऊन ठेवला. नंतर गच्चीवर कपडे काढताना एस्तेर मला म्हणाली की सुमननं च्या दिला आणि बोलली का नाही ते आता समजलं. "च्या देणं सोपं नसतंय गं," एवढंच. दुसऱ्या दिवशी ती मेजाजवळ गेली. तिच्या मागून मी गेले.

याला आता पुष्कळ वर्षं झाली. आई गेली, गोठ्याच्या जागी दुकानं झाली, मी वर्तमानपत्रातून बाहेर पडले. एस्तेर पेठ वडगावला असते, तिथल्या शाळेत शिकवून आता निवृत्त व्हायला आली आहे. बायबलच्या त्या शिक्षणाला ती पुढे गेली, सभा घेते, लोक लांबून तिच्याकडे प्रार्थनेला येतात. मंडळीचा द्राक्षारस अजून आमच्याच घरी होतो आणि त्यासाठी ती शनिवारी बसने येते. दर वेळी चमचा घेते आणि माझ्यासमोर चाखते. कधी बोलून दाखवत नाही, कधी चुकतही नाही. क्षमा तिने केव्हाच केली, पण चमचा सोडला नाही, आणि मला ते न्याय्य वाटत आलं. पवित्र होणं म्हणजे विसरणं असं तिने कधी शिकवलं नाही.

गेल्या महिन्यात रस उतरवल्यावर ती पाटावरून उठली नाही. गुडघे दुखत होते. फळीकडे हात करून म्हणाली, "तू बघ की आज."

मी चमचा बुडवला, फुंकर घातली, चाखला. गोड होता. ती माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती, फडकं झटकत होती. मी पुन्हा चमचा बुडवला आणि चाखला. मग तिसऱ्यांदा.

"अगं, पुरे की," एस्तेर म्हणाली. "मंडळीला ऱ्हाऊ दे थोडा."